लोहाऱ्याचे लोखंड, साकचीचे पोलाद

1882 साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोखंडाविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. लिहिणारा फॉन श्वार्त्झ नावाचा जर्मन तज्ज्ञ. इथे लोखंडाचा कारखाना काढला तर तो परवडेल का, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न. लोहारा गावाजवळची टेकडी उत्तम खनिजाची आहे आणि वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण तिथून फार लांब नाही, अशी त्याची मांडणी होती. सरकारी अहवालांच्या वाट्याला बहुधा धूळच येते. हा मात्र नेमका ज्याच्या हाती पडायला हवा त्याच्या हाती पडला. नागपूरला एम्प्रेस मिल सुरू करून जमशेटजी टाटांना तेव्हा पाच वर्षे झाली होती. कापसाच्या मुलखात गिरणी काढली की वाहतूक वाचते आणि नफा वाढतो, हे त्यांनी करून दाखवले होते. तोच हिशेब लोखंडाला लावता येईल असे त्यांना वाटले, तर त्यात नवल नाही.

चांद्याचे लोखंड कोणी नव्याने शोधून काढलेले नव्हते. लोहारा, पिंपळगाव, देवलगाव या भागातले लोहार आणि गोंड कारागीर पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भट्ट्यांतून ते गाळत आले होते. जंगलातला लोणारी कोळसा, कातड्याचा भाता आणि टेकडीवरून वेचून आणलेला जड, तांबडा-काळा दगड एवढ्यावर त्यांचे काम चाले. त्यातून निघालेल्या लोखंडाचे फाळ, विळे, कुऱ्हाडी होत आणि आठवडी बाजारात विकल्या जात. लोहाऱ्याजवळची टेकडी तर सगळीच्या सगळी खनिजाची, अशी तिची ख्याती होती. पण विलायती लोखंडाच्या पट्ट्या आणि सळया रेल्वेने आत आल्या, जंगले सरकारजमा झाली, कोळशासाठी लाकूड तोडणे अवघड होत गेले आणि या भट्ट्या एकेक करून विझू लागल्या. ज्या काळात एका बाजूला हा धंदा बुडत होता, त्याच काळात दुसऱ्या बाजूला त्याच टेकडीचे मोजमाप चालले होते.

मोजमापामागे गरज मोठी होती. 1900 पर्यंत हिंदुस्थानात चोवीस हजार मैलांहून अधिक रेल्वे झाली होती. तिचे रूळ, पूल, इंजिने बहुतेक सारी ब्रिटनहून येत. बंगालमध्ये बराकरला कच्चे लोखंड निघे, पण त्याचे पोलाद करून मोठ्या प्रमाणावर विकण्याचे काम या देशात कोणाला साधले नव्हते. कापूस, ताग, धान्य बंदरापर्यंत नेणारी रेल्वे बाहेरच्या पोलादावर उभी होती आणि त्या पोलादाचे पैसे दरवर्षी समुद्रापार जात होते.

जमशेटजींनी चांद्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांचे नमुने तपासणीसाठी जर्मनीला पाठवले. खनिज चांगले निघाले, कोळसा नापास झाला. पुढची सगळी कहाणी या एका निकालाभोवती फिरते, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

झोतभट्टीत लोहखनिज, चुनखडी आणि कोक यांचे थरावर थर रचलेले असतात. कोकला तिथे एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. तो जळून उष्णता देतो, खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वरून येणारा कित्येक टनांचा भार पेलून धरतो, म्हणजे खालून सोडलेली गरम हवा पोकळ्यांतून वर जाऊ शकते. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवला की त्यातले वायू निघून जातात. काही जातींचा कोळसा अशा वेळी मऊ होऊन एकजीव होतो आणि निवल्यावर त्याचा टणक, सच्छिद्र कोक बनतो. वरोऱ्यासह वर्धा खोऱ्यातला कोळसा या जातीचा नाही. त्यात पाण्याचा अंश जास्त, आणि तापवला की तो एकजीव होत नाही. असे इंधन इंजिनाच्या बॉयलरला चालते, पण झोतभट्टीत त्याचा चुरा होऊन हवेची वाटच बुजते. त्या काळी एक टन लोखंड गाळायला टनाहून अधिक कोक लागे. म्हणजे कारखाना कुठे उभा राहणार, हे खनिजाच्या आधी कोळसा ठरवत होता.

दुसरी अडचण सरकारी नियमांची. खनिज शोधायचा परवाना मिळवणे एक, आणि सापडलेले खनिज काढायचा हक्क पदरात पडणे दुसरे. त्या वेळच्या नियमांत शोधणाऱ्याला पुढच्या हक्काची पुरेशी हमी नव्हती. अशा अटींवर लाखो रुपये जमिनीत घालायला कोण तयार होणार? जमशेटजींनी तो विषय बाजूला ठेवला. सोडला मात्र नाही. खनिजांविषयीची कात्रणे आणि टिपणे ते पुढची सतरा वर्षे जमवत राहिले.

1899 साली दोन गोष्टी एकदमच घडल्या. कलकत्त्याजवळच्या काशीपूर तोफ कारखान्याचे प्रमुख मेजर माहॉन यांनी अहवाल दिला, की हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढायची वेळ आता आली आहे. आणि लॉर्ड कर्झनच्या सरकारने खनिज शोधाचे नियम सैल केले. ज्या कर्झनचे नाव बंगालच्या फाळणीसाठी आपल्या लक्षात आहे, त्याच्याच कारकिर्दीत देशी पोलादाची वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी जमशेटजी लंडनला गेले आणि भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटून त्यांनी पाठिंबा मिळवला. चांदा जिल्ह्यात शोध घेण्याच्या परवान्यासाठी अर्जही गेला.

1902 मध्ये वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते अमेरिकेत होते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला कोकच्या भट्ट्या त्यांनी पाहिल्या, पिट्सबर्गला पोलादाच्या कारखान्यांचा अभ्यास केला. तिथल्या ज्युलियन केनेडी या नामांकित अभियंत्याने सल्ला दिला, की आधी कच्च्या मालाची शास्त्रशुद्ध पाहणी करा, आणि त्यासाठी न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांना गाठा. पेरिन यांनी काम स्वीकारले आणि आपले सहकारी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांना पुढे हिंदुस्थानात धाडले.

वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापूरजी सकलातवाला असे तिघे चांद्याच्या जंगलात उतरले. हेच सकलातवाला पुढे लंडनच्या बॅटरसी मतदारसंघातून कम्युनिस्ट खासदार म्हणून निवडून आले. भांडवलदार घराण्यातला हा तरुण तेव्हा बैलगाडीतून वाघांच्या मुलखात लोखंड शोधत हिंडत होता. उन्हाळा कडक, पाण्याचे दुर्भिक्ष इतके, की चहासाठी सोड्याच्या बाटल्या फोडाव्या लागल्या अशी आठवण सांगितली जाते. वेल्ड यांनी एकेक जागा पाहिली. लोहाऱ्याचे खनिज त्यांना चांगले वाटले, पण मोठ्या कारखान्याला वर्षानुवर्षे पुरेल एवढा साठा त्यांना दिसेना. बाकीच्या जागा लहान आणि विखुरलेल्या. कोळशाचा निकाल तर आधीच लागलेला. वेल्ड यांचा निर्णय स्पष्ट होता: चांद्याला पोलादाचा कारखाना चालणार नाही.

आता काम थांबवावे लागेल, हे कळवायला दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले. भेटायचे ते अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा लावलेला होता. त्यात दुर्ग जिल्ह्याचा एक भाग लोखंडाची खूण म्हणून गडद रंगवला होता. ही कथा टाटांच्या बहुतेक चरित्रांत येते आणि ती दैवाचा खेळ म्हणून सांगितली जाते. पण त्या रंगामागे माणूस होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या प्रमथनाथ बोस यांनी त्या मुलखात पायी हिंडून तिथल्या लोखंडाची नोंद 1887 सालीच छापली होती. नकाशा भिंतीवर टांगलेला होता, कारण कोणीतरी सरकारी पगारावर, तात्काळ नफ्याची अपेक्षा न धरता, तो आधी तयार केला होता.

दोराबजी आणि वेल्ड नकाशातल्या त्या भागात, दल्ली-राजहऱ्याला, पोचले. तिथे टेकडीच लोखंडाची होती, पायाखालचा दगड धातूसारखा वाजत होता. खनिजात लोखंडाचे प्रमाण 67 टक्क्यांच्या आसपास निघाले. इतके उत्तम खनिज, तरी जवळ कोक होणारा कोळसा नाही आणि कारखान्याला लागणारे बारमाही पाणीही नाही. महानदीकाठी संबळपूरच्या बाजूला जागा बघावी, झरियाचा कोक होणारा कोळसा तिथवर आणावा, असा विचार सुरू झाला.

एवढ्यात एक पत्र कामाला आले. प्रमथनाथ बोस यांनी 24 फेब्रुवारी 1904 रोजी जमशेटजींना ते लिहिले होते. सर्वेक्षण खात्यात बोस ज्येष्ठ होते, पण संचालकपद त्यांना डावलून त्यांच्याहून दहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या टी. एच. हॉलंड यांना देण्यात आले. बोस यांनी नोकरी सोडली आणि ओडिशातल्या मयूरभंज संस्थानात भूवैज्ञानिक म्हणून काम धरले. तिथल्या गोरुमहिसानी डोंगरात लोखंडाचे मोठे साठे आहेत, हे त्यांनी पत्रात कळवले होते. महाराजा श्रीरामचंद्र भंजदेव खाणपट्टा द्यायला उत्सुक होते. आणि मुख्य म्हणजे हे खनिज झरियाच्या कोळशाच्या बाजूला होते. ज्या गोऱ्या नोकरशाहीने बोस यांना बढती नाकारली, तिनेच नकळत देशी पोलादाला आपला शोधक मिळवून दिला.

जमशेटजींना हे काही पाहता आले नाही. 19 मे 1904 रोजी जर्मनीत त्यांचा मृत्यू झाला.

पुढचा हिशेब पेरिन आणि वेल्ड यांनी जुळवला. खरकाई आणि सुवर्णरेखा या नद्यांच्या संगमाजवळ साकची नावाचे आदिवासी गाव होते. पाणी तिथे होते. बंगाल-नागपूर रेल्वेचे कालिमाटी स्टेशन जवळ होते. लोखंड एका बाजूने, झरियाचा कोळसा दुसऱ्या बाजूने, आणि तयार मालाला कलकत्त्याचे बंदर दीडेकशे मैलांवर. लोहाऱ्याला यातले एकच होते, दल्ली-राजहऱ्यालाही एकच. साकचीला स्वतःचे खनिज मुळीच नव्हते, तरी कारखाना तिथे झाला, कारण सगळ्या गोष्टी तिथे येऊन भेटत होत्या.

खनिज, कोळसा, पाणी, रेल्वे जमले तरी पैसा राहिला होता. दोराबजींनी आधी लंडनचा बाजार गाठला. वर्षभर वाटाघाटी चालल्या. बाजार मंदीत होता आणि हिंदी माणसांच्या हाती सूत्रे असलेला पोलादाचा कारखाना तिथल्या धनकोंना पटत नव्हता. मग 1907 च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच समभाग विक्रीला काढले. बंगालच्या फाळणीनंतरच्या स्वदेशीच्या चळवळीला तेव्हा भर होता. पहाटेपासून रात्रीपर्यंत टाटांच्या कचेरीपुढे माणसांची रीघ लागली. तीन आठवड्यांत 16,30,000 पौंडांचे भांडवल उभे राहिले, आणि ते देणारे सुमारे 8,000 जण सगळे हिंदी होते. पुढे खेळत्या भांडवलासाठी काढलेले 4,00,000 पौंडांचे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. मराठी सरदारांच्या एका घराण्याची तिजोरी अशी साकचीच्या भट्ट्यांमागे उभी राहिली. 26 ऑगस्ट 1907 रोजी कंपनीची नोंदणी झाली. वर्षाला 20,000 टन रूळ आयातीच्या भावाने दहा वर्षे घेण्याचे सरकारने कबूल केले. गिऱ्हाईक आधी ठरले, मग भट्टी बांधली गेली. 2 डिसेंबर 1911 रोजी पहिले लोखंड वाहिले आणि 16 फेब्रुवारी 1912 रोजी पोलादाची पहिली लगड निघाली.

दोन वर्षांत पहिले महायुद्ध पेटले. समुद्रमार्ग धोक्यात आले, विलायती पोलाद मिळेनासे झाले. मेसोपोटेमिया, पॅलेस्टाइन आणि पूर्व आफ्रिकेच्या मोहिमांसाठी साकचीहून सुमारे 1,500 मैलांचे रूळ गेले. 2 जानेवारी 1919 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी साकचीला जमशेदपूर हे नाव दिले. देशात खनिज असणे आणि देशात धातू होणे यांतले अंतर सरकारला युद्धाने शिकवले. पण शांतता आली आणि परदेशी पोलाद पडेल भावाने ओतले जाऊ लागताच कारखाना बुडायच्या बेतास आला. दोराबजींनी स्वतःची संपत्ती, पत्नीच्या हिऱ्यासकट, गहाण टाकली. 1924 साली कायदेमंडळाने पोलादाला संरक्षक जकात दिली, तेव्हा कुठे तो तगला. या सगळ्या वर्षांत डोंगरातले खनिज काही बदलले नव्हते.

साकचीची जुळवाजुळव चालू होती, त्याच काळात नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात या गोष्टीची दुसरी बाजू दिसत होती. 1900 च्या सुमारास रामटेकजवळ मनसर परिसरात मँगेनीजचे खाणकाम सुरू झाले. मँगेनीज हे पोलादाचे मीठच: चिमूटभरच लागते, पण त्याच्यावाचून गंधकामुळे पोलाद ठिसूळ राहते. रशिया तेव्हा मँगेनीजचा मोठा पुरवठादार होता. 1904-05 च्या जपानशी युद्धाच्या आणि क्रांतीच्या धामधुमीत तिथला माल अडला, भाव चढले, आणि काही वर्षांतच हिंदुस्थान जगातल्या आघाडीच्या उत्पादकांत जाऊन बसला. 1907 मध्ये देशात सुमारे 9 लाख टन खनिज निघाले. पण हा माल दगडाच्या रूपातच मुंबईच्या बंदरातून परदेशी जात असे. त्याचे फेरोमँगेनीज तिकडे होई आणि त्याच्या जोरावर झालेले रूळ विकत घेऊन आपण आपली रेल्वे वाढवत असू. खाणीवर बायाबापड्या टोपल्यांनी दगड वाहत, संस्थानाला किंवा सरकारला स्वामित्वधन मिळे, आणि बाकीचे मोल गाडीत बसून निघून जाई.

त्यातले थोडे मोल इथे राहिले ते एका माणसाच्या मृत्युपत्रामुळे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली सुमारे 35 लाखांची मालमत्ता तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला ठेवली. तिच्यातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. विदर्भातल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे रसायन अभियंते तिथे घडले. खाण संपते, शाळा संपत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर चांद्याच्या खोऱ्यातला नापास कोळसाही पास झाला. वरोऱ्याची जुनी खाण 1906 मध्येच बंद पडली होती, पण बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूरच्या खाणी वाढत गेल्या. कोकला नालायक ठरलेला हा कोळसा विजेला चांगला चालला आणि चंद्रपूरचे औष्णिक केंद्र महाराष्ट्राच्या विजेचा कणा झाले. चुनखडीवर राजुरा-कोरपन्याकडे सिमेंटचे कारखाने आले. चंद्रपुरात फेरोमँगेनीजच्या भट्ट्याही पेटल्या आणि बालाघाट-नागपूरचे मँगेनीज थोडे तरी घरच्या घरी वितळू लागले. तिकडे दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरालाही गिऱ्हाईक मिळाले. 1955 मध्ये रशियाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. वेल्ड यांनी पाहिलेले खनिज अर्ध्या शतकानंतर पोलाद झाले.

पण नियोजनाच्या काळात एक विचित्र गोष्टही झाली. 1956 पासून लोखंड-पोलादाची रेल्वे वाहतूक देशभर एकाच भावात बसवली गेली. साकचीला जो नफा भूगोलाने दिला होता, तो सरकारी आदेशाने पुसला गेला. पोलादावर चालणारे धंदे मुंबई, पुणे, मद्रासकडे बहरले, खनिजाचे मुलूख मात्र कच्चा माल देत राहिले. महाराष्ट्राने या धोरणाचा लाभ घेतला, हे आपण सहसा बोलत नाही. आणि त्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला तोटाही सोसावा लागला, हेही नाही.

खाणीत राबणाऱ्यांचा हिशेब तर कोणत्याच अहवालात नीट मांडला गेला नाही. दल्ली-राजहऱ्यात कंत्राटी मजुरांनी 1977 मध्ये शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. त्यांच्यावर गोळीबार झाला. तरी त्यांनी मजुरी वाढवून घेतली, दारूविरुद्ध मोहीम काढली आणि स्वतःच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभारले. 1991 मध्ये नियोगींची हत्या झाली. खनिजातून गावाला काय मिळावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्या मजुरांनी स्वतःच लिहून ठेवले होते.

आज तोच प्रश्न गडचिरोलीत उभा आहे. जुन्या चांद्यातून 1982 मध्ये वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागले आहे. माडिया गोंडांचा ठाकूरदेव त्याच डोंगरावर आहे. 2016 च्या डिसेंबरमध्ये नक्षलवाद्यांनी तिथली खनिजाची वाहने मोठ्या संख्येने जाळली, मग काम काही वर्षे रखडले, पुढे बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले. कोनसरीला कारखाना सुरू झाला आहे, म्हणजे निदान सगळा दगड जिल्ह्याबाहेर जाणार नाही. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आणि स्वामित्वधनाबरोबर बाधित गावांसाठी ठरावीक वाटा कायद्याने राखला गेला. फॉन श्वार्त्झच्या वेळी अशी कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती.

लोहाऱ्याच्या टेकडीपासून सुरजागडच्या डोंगरापर्यंतच्या या सव्वाशे-दीडशे वर्षांत खनिजाची किंमत खाणीत कधीच ठरली नाही. ती कोळशाच्या जातीने ठरवली, परवान्याच्या अटींनी ठरवली, रेल्वेच्या भाड्याने, जकातीने, आठ हजार लोकांच्या विश्वासाने आणि एका डावललेल्या भूवैज्ञानिकाच्या पत्राने ठरवली. म्हणून देशी खाणकामाचे महत्त्व टनांत मोजणे हा अर्धाच हिशेब. सुरजागडच्या डोंगरातून किती टन निघाले हे दरवर्षी जाहीर होईलच. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे छापले जावेत: त्यातले किती खनिज जिल्ह्यातच धातू झाले, एटापल्लीच्या किती मुलांना त्यातून कुशल कामाची नोकरी लागली, आणि प्रतिष्ठानच्या निधीतून किती दवाखाने व शाळा चालत्या राहिल्या. हे आकडे वाढले, तर जुन्या चांद्याला दीड शतकानंतर आपल्या लोखंडाचा भाव मिळाला असे म्हणता येईल. ते वाढले नाहीत, तर मनसरचे मँगेनीज पुन्हा एकदा बंदराकडे निघाले, एवढाच त्याचा अर्थ.